राजा दीनदयाळ : एका छायाचित्रकाराचे चरित्र

आपल्या स्मरणिकेत आजवर संत, वीर, समाजसुधारक व दानशूर पुरुष यांची चरित्रे पुष्कळ आली. हातातल्या हुन्नरावर धंदा उभारून ज्याने लौकिक मिळविला, अशा पुरुषाचे चरित्र मात्र क्वचितच आले. ती उणीव यंदा थोडीबहुत भरून काढावी, या हेतूने आम्ही राजा दीनदयाळ यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते आणि महाराष्ट्रीयही नव्हते. उत्तर हिंदुस्थानातील एका जैन कुळात त्यांचा जन्म झाला. परंतु त्यांचा उदय मराठी राज्यकर्त्यांच्या इंदुरात झाला, मराठवाड्यातील लेणी व किल्ले त्यांनी आपल्या काचेवर उतरविले, आणि मुंबईतही त्यांनी दुकान थाटले. तेव्हा त्यांना अगदीच परके म्हणता येणार नाही.

फोटोग्राफरचा धंदा आपल्या लोकांत अजूनही फारसा प्रतिष्ठेचा मानीत नाहीत. लग्नसमारंभात फोटोग्राफर सर्वांत आधी येतो, सर्वांत शेवटी जातो आणि बहुधा शेवटच्या पंगतीला जेवतो. वधूपिता स्थळाची चौकशी करतो तेव्हा मुलगा कोणत्या कचेरीत आहे हे प्रथम विचारतो, आणि मुलगा फोटो काढतो असे कळले की, ते ठीक, पण करतो काय, असा दुसरा प्रश्न येतोच. आम्ही छत्तीस वर्षे शिक्षकी केली. त्या काळात कॅमेऱ्याचा नाद असलेली चारदोन मुले आमच्या हाताखालून गेली. त्यांच्या वडिलांनी त्यांना कोठे तरी चिकटवून दिले, आणि त्या वेळी आम्हांलाही ते रास्तच वाटले. दीनदयाळ यांच्यापुढे हाच पेच होता. आणि तोही अशा काळी, की जेव्हा सरकारी खात्यातील कायम जागा ही एतद्देशीय मनुष्याला मिळू शकणारी मोठीच गोष्ट होती.

मीरतेजवळचे सरधना हे गाव बेगम समरू हिच्यामुळे इतिहासात प्रसिद्ध आहे. तेथे इ. स. १८४४ मध्ये दीनदयाळ यांचा जन्म झाला. घराणे जवाहिऱ्यांचे. रत्नपारख्याच्या घरी मुलाची नजर लहानपणीच तयार होते. रतीमासा चुकला की नुकसान ठरलेलेच. पण हा मुलगा पिढीजात पेढीवर बसला नाही. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात तो स्थापत्यशास्त्र शिकावयास गेला. हेच विद्यालय आज रुडकीचे आय. आय. टी. म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील शिक्षण आटोपून १८६६ मध्ये, म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षी, दीनदयाळ इंदूर येथे पब्लिक वर्क्स खात्यात नोकरीस लागले आणि पुढे कचेरीतील मुख्य इस्टिमेटर व ड्राफ्ट्समन झाले. इमारतीला चुना, वीट व मजुरी किती लागेल याचा अंदाज बांधावयाचा आणि नकाशा बिनचूक काढावयाचा, हे त्यांचे काम. या इस्टिमेटरच्या जागेकडे वाचकांनी लक्ष द्यावे. दीनदयाळ यांचे चरित्र सांगताना पुष्कळ लोक राजेरजवाडे, किताब व सनदा यांचीच वर्णने करतात. आमच्या मते त्यांचा धंदा ज्या पायावर उभा राहिला, तो पाया या कारकुनी मेजावर घातला गेला.

छायाचित्रणाची विद्या हिंदुस्थानात १८४० च्या सुमारास आली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्यकीचा व्यवसाय करीत असताही उत्तम छायाचित्रकार म्हणून गाजले होते. तथापि मोठा धंदा बहुतेक युरोपियन कंपन्यांच्या हाती होता. सिमला व कलकत्ता येथील बोर्न अँड शेफर्ड यांचे नाव तर घरोघर पोचले होते. अशा स्थितीत १८७४ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, नोकरी सांभाळून दीनदयाळ यांनी या विद्येचा अभ्यास आरंभिला.

त्या काळी फोटो काढणे म्हणजे काय दिव्य होते, हे आजच्या मुलांना सांगितले तरी खरे वाटणार नाही. आज खिशातील मोबाइलवर बोट टेकले की चित्र निघते. तेव्हा ओल्या काचेची रीत होती. स्वच्छ काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण सारखे पसरावयाचे, अंधारात ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून तिच्यावर प्रकाश पाडावयाचा आणि ती वाळण्यापूर्वीच परत अंधारात नेऊन औषधाने चित्र उमटवावयाचे. हे सर्व दहापंधरा मिनिटांच्या आत. माळव्याच्या उन्हाळ्यात तेवढाही अवधी मिळणे कठीण. गावाबाहेर फोटो काढावयाचा तर कॅमेरा, तिपाई, काचांच्या पेट्या, औषधांच्या बाटल्या व अंधारा तंबू एवढा संसार बैलगाडीवर घालून न्यावा लागे. चित्र मोठे करण्याची सोय नव्हती. जेवढी काच तेवढेच चित्र. म्हणून मोठे चित्र हवे तर काचही मोठी आणि कॅमेराही मोठा. पुढे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा हात दिलेला कागद काचेखाली ठेवून उन्हात छापावयाचा. एखाद्या पायरीवर हात चुकला की सारे श्रम आणि चांदी दोन्ही वाया. ज्याला प्रत्येक वस्तूचे माप व प्रत्येक कामाचा वेळ आधी ठरवून घेण्याची सवय आहे, अशाच मनुष्याला हा धंदा पेलण्यासारखा होता.

इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर आणि मध्य हिंदुस्थानातील गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डेली या दोघांनी या तरुण इस्टिमेटरला उत्तेजन दिले. डेलीसाहेबांचे नाव इंदूरच्या डेली कॉलेजमुळे आजही लोकांना ठाऊक आहे. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आले, तेव्हा त्यांचेही छायाचित्र घेण्याचा मान दीनदयाळ यांस मिळाला. विद्या शिकल्यास जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्याच सुमारास त्यांनी इंदुरात आपला स्टुडिओ काढला. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोठ्यांचा आश्रय मिळाला म्हणून ते मोठे झाले असे म्हणणे सोपे आहे. परंतु आश्रय मिळालेले पुष्कळ असतात. युवराजाला पुन्हा बसण्यास सांगता येत नाही. काच बिघडली तर ती वेळ गेलीच. अशा प्रसंगी ज्याची काच बिघडत नाही, त्यालाच पुढचे आमंत्रण येते.

डेलीसाहेबांच्या मागून सर लेपेल ग्रिफिन हे त्या जागी आले. त्यांच्याबरोबर १८८२ मध्ये दीनदयाळ यांनी बुंदेलखंडाचा दौरा केला. ग्वाल्हेरचा किल्ला, दतिया व ओरछा येथील राजवाडे, खजुराहोची देवळे, सांचीचा स्तूप अशा स्थळांची चित्रे त्यांनी या काळात घेतली. त्यांतील ऐंशीहून अधिक चित्रांचा ग्रंथ ग्रिफिनसाहेबांच्या मजकुरासह १८८६ मध्ये लंडनमध्ये निघाला. या चित्रांत इमारतीच्या रेषा सरळ उभ्या आहेत, शिखर कलत नाही, खांब वाकत नाहीत. ड्राफ्ट्समनचा डोळा कॅमेऱ्यामागे होता, हे जाणत्याला लगेच कळते.

परंतु एवढे काम नोकरी सांभाळून होण्यासारखे नव्हते. दीनदयाळ यांनी दोन वर्षांची दीर्घ रजा घेतली आणि चित्रमालिका पुरी करण्यास ते मोकळे झाले. १८८५ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांचे छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच सुमारास हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना आपले दरबारी छायाचित्रकार केले. त्यानंतर, म्हणजे सुमारे वीस वर्षांच्या चाकरीनंतर, दीनदयाळ यांनी सरकारी नोकरी सोडली. वय बेचाळीस. पदरी ग्यानचंद व धरमचंद असे दोन मुलगे. या वयात लोक मुलीच्या लग्नाची व घराच्या कौलांची काळजी करतात. नवा धंदा काढीत नाहीत. आमच्या वाचकांपैकी कोणी हा निर्णय उतावीळपणाचा म्हणेल, तर त्याने तारखा पाहाव्यात. १८७४ मध्ये विद्या हाती धरली आणि १८८६ मध्ये नोकरी सोडली. मध्ये बारा वर्षे गेली. बारा वर्षे त्यांनी पगार घेत हुन्नर वाढविला, गिऱ्हाईक जमविले, नाव कमाविले आणि मगच पाऊल उचलले. हा इस्टिमेटरचाच हिशेब होय.

१८८६ मध्ये त्यांनी सिकंदराबाद येथे स्टुडिओ उघडला. दरबार हैदराबादेत असता दुकान सिकंदराबादेत का, असा प्रश्न पडण्याजोगा आहे. सिकंदराबाद ही इंग्रजांची मोठी लष्करी छावणी. तेथे अधिकारी, त्यांच्या मडमा, बदलीवर येणारे व जाणारे लोक यांची वर्दळ सदैव असे. विलायतेस आईबापांकडे फोटो पाठवावयाचा म्हणजे रोख पैसे मोजणारे गिऱ्हाईक. दरबारी गिऱ्हाइकाची खोड सर्व धंदेवाल्यांना माहीत आहे : मान तात्काळ, पैसे सावकाश. निजामाची कृपा ही दुकानाच्या दारावरील पाटी. पण दुकानाचे भाडे छावणीने भरावे, असाच विचार या निवडीमागे असावा, असे आम्हांस वाटते. व्हाइसरॉयचा छायाचित्रकार हे शब्द फोटोच्या पुठ्ठ्यावर छापलेले पाहून साधा सुभेदारही आपला फोटो येथेच काढावा असे म्हणे, तर त्यात नवल नाही.

आता त्या स्टुडिओत काय चाले ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण माणसाचा चेहरा टिपणे हाच या धंद्याचा प्राण. त्या काळचा स्टुडिओ म्हणजे काचेच्या छपराची प्रशस्त खोली. विजेचा उपयोग नव्हता. सारा उजेड सूर्याचा, आणि तोही पडदे ओढून मऊ केलेला. उन्ह चढले की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांखाली सावल्या पडत, म्हणून वेळेला महत्त्व फार. मागे रंगविलेला पडदा, बाजूला कोरीव खुर्ची, गालिचा, फुलदाणी. उभ्या माणसाची मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावीत. चित्रात तो दिसू द्यावयाचा नाही, हीच कारागिरी. जुन्या फोटोंतील मंडळी एवढी गंभीर का दिसतात, असे मुले विचारतात. कित्येक पळे श्वास रोखून उभे राहावयाचे असेल, तर हसणार कोण? दीनदयाळ यांच्या उमेदीच्या काळात कोरड्या काचा बाजारात आल्या आणि हा अवधी बराच कमी झाला. ओल्या काचेचा जाच संपला. पण त्याबरोबर हौशी लोकही या क्षेत्रात आले आणि चढाओढ वाढली. काच तयार झाल्यावर तिच्यावर बारीक पेन्सिलीने काम करणारे कारागीर असत. देवीचे व्रण पुसावयाचे, सुरकुती हलकी करावयाची, पण माणूस मात्र तोच राहिला पाहिजे. फार पुसले तर गिऱ्हाईक म्हणते हा मी नव्हे. कमी पुसले तर पैसे देताना कुरकुरते. चेहऱ्याच्या धंद्यात गिऱ्हाईक खूष करणे आणि खरे राहणे यांमधील ही ओढाताण कायमचीच आहे.

दीनदयाळ यांनी घेतलेल्या राजेलोकांच्या चित्रांत एक गुण आम्हांस विशेष वाटतो. दागदागिने, जरीचे अंगरखे व तलवारी यांचा भार अंगावर असताही त्या माणसाचा चेहरा त्यांखाली दबत नाही. जवाहिऱ्याच्या घरी जन्मलेल्याला रत्नाचे तेज कसे पकडावे हे ठाऊक असणारच. पण रत्नापेक्षा माणूस महत्त्वाचा, हे भान त्यांस होते. महबूब अली खान यांचे शिकारीचे फोटो आणि १९०२ मध्ये लॉर्ड व लेडी कर्झन यांचा मारलेल्या वाघासह घेतलेला फोटो तर जगभर प्रसिद्ध आहेत.

१८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत जनाना स्टुडिओ काढला. गोषातील स्त्रिया परपुरुषापुढे येत नसत. मग त्यांचे फोटो कोण काढणार? दीनदयाळ यांनी उंच भिंतींची वेगळी जागा केली आणि तेथे केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाईंची नेमणूक केली. आत सर्व कारभार स्त्रियांचाच. कोणी म्हणेल, ही गिऱ्हाईक वाढविण्याची युक्ती. तशी ती होतीच. पण ज्या घरांत पुरुषांच्या चार पिढ्यांची चित्रे भिंतीवर आहेत आणि आजीपणजीचे एकही नाही, अशी घरे आपल्यातही थोडी नाहीत. आमच्या स्वतःच्या आजीचा फोटो नाही. फोटो काढल्याने आयुष्य घटते, या समजुतीने ती कॅमेऱ्यापुढे कधी बसली नाही. हैदराबादेतील ज्या बाया त्या भिंतीआड जाऊन बसल्या, त्यांचे चेहरे निदान त्यांच्या नातवंडांना दिसले.

१८९३ मध्ये अमेरिकेतील शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात दीनदयाळ यांच्या चित्रांस पारितोषिक मिळाले. १८९४ मध्ये निजामांनी त्यांस राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. विक्टोरिया राणीच्या दरबारची सनदही त्यांस मिळाली. जन्माने राजा नसलेला, हाताने काम करणारा मनुष्य राजा म्हणून ओळखला जावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईत भव्य स्टुडिओ उघडला. मुंबईत दरबार नाही, छावणीचे मिंधेपण नाही. तेथे गिऱ्हाईक म्हणजे शेठसावकार, वकील, डॉक्टर व जहाजावरून उतरणारे प्रवासी. बावन्नाव्या वर्षी पुन्हा नव्या शहरात, नामांकित प्रतिस्पर्ध्यांच्या शेजारी दुकान मांडणे, हे आम्हांस नोकरी सोडण्यापेक्षाही अधिक धाडसाचे वाटते. त्याच वर्षी मुंबईत प्लेग सुरू झाला, हेही वाचकांच्या ध्यानात असेल.

एवढा पसारा एका मनुष्याच्या हातचा नव्हता. काच धुणारे, छापणारे, पेन्सिलीचे काम करणारे, रंग भरणारे, हिशेब ठेवणारे असे निरनिराळ्या हुन्नरांचे लोक त्यांच्या पदरी होते आणि मुलगेही धंद्यात आले होते. दुकानाची पाटी राजा दीनदयाळ अँड सन्स अशी झाली. काचांना क्रमांक दिलेले असत. आज फोटो घेतला आणि चार वर्षांनी कोणी आणखी प्रती मागितल्या, तर क्रमांकावरून ती काच काढावयाची आणि छापून द्यावयाची. एकदा केलेल्या श्रमाचे उत्पन्न पुन्हा पुन्हा मिळावे, हे व्यापाराचे तत्त्व. कलावंत पुष्कळ होतात. पण आपली चीज नीट नोंदवून, पुसून, फडताळात लावून ठेवणारा कलावंत विरळा.

राजवाड्यांबाहेरचा हिंदुस्थानही त्यांच्या कॅमेऱ्याने पाहिला. त्या वेळी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. दौलताबादचा किल्ला, वेरूळचे कैलास लेणे, बीबीचा मकबरा यांची चित्रे निजामाच्या मुलखाच्या संग्रहांत आहेत. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात औरंगाबाद भागात जी मदतकामे चालली, त्यांचीही चित्रे त्यांच्या संस्थेने घेतली. आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी छपन्नाचा दुष्काळ म्हणून ज्याचे नाव होते, तो हाच. हाडांचा सापळा उरलेली माणसे खडी फोडण्यास आली आहेत, आणि ज्या दुकानाने नवरत्नांचे हार टिपले, त्याच दुकानाच्या काचेवर ती माणसेही उमटली आहेत. तीं चित्रे सरकारी कामाचा भाग म्हणून घेतलेली होती, हे खरे. तरीही ती पाहिल्यावर मन काही काळ सुन्न होते.

१९०३ चा दिल्ली दरबार हा त्यांच्या संस्थेच्या वैभवाचा शेवटचा मोठा प्रसंग. पुढल्याच वर्षी पुत्र धरमचंद निवर्तले. हा घाव मोठा होता. ५ जुलै १९०५ रोजी राजा दीनदयाळ यांचे देहावसान झाले. वय साठीच्या किंचित पुढे. ग्यानचंद यांनी धंदा पुढे चालविला. पण काळ पालटला होता. हातात मावणारे कॅमेरे आले, हौशी लोक आपले फोटो आपणच काढू लागले आणि एका थोर पुरुषाच्या नावावर चालणाऱ्या मोठ्या स्टुडिओंचे दिवस हळूहळू सरले.

काचा मात्र राहिल्या. त्यांपैकी २,८५७ काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या आणि आता त्या तेथे जतन केल्या आहेत. २००६ मध्ये भारतीय टपाल खात्याने दीनदयाळ यांच्या नावाने तिकीट काढले. ज्या राजेरजवाड्यांच्या पदरी त्यांनी काम केले, त्यांची राज्ये विलीन झाली. निजामाचे राज्य गेले, व्हाइसरॉय गेले. त्यांच्या जुन्या चित्रांपैकी कित्येकांच्या कडेला काचेवर घातलेला आकडा आणि त्याशेजारी लाला दीनदयाळ हे नाव अजून स्पष्ट वाचता येते.